वेस्ली ऑल्डरॉइडची एकोणचाळिसावी धाव

वेस्ली ऑल्डरॉइडला मी छत्तीस वर्षं ओळखते. एवढ्या वर्षांत ‘आज गरम होतंय’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ‘जरा उबदार आहे,’ यापुढे त्याची गाडी जायची नाही. आयुष्यातली एकतीस वर्षं त्यानं शहरातल्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडासमोर काढली होती. पाळी सुटली की सगळे बसनं घरी जायचे आणि हा डोंगरावरून पळत यायचा. अंग निववायला, म्हणे! त्याची बायको हिल्डा म्हणायची, ‘भट्टीतून निघतो आणि डोंगरात शिरतो. माझ्या वाट्याला नुसतं धुणं.’ हिल्डाला जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. राहता राहिला डोंगर.

डोंगराचं नाव हॅरोप. आमचं ऑक्सनबी गाव त्याच्या अलीकडच्या पायथ्याशी, वेस्लीचं घर पलीकडच्या. डोंगरावरून गेलं तर तीन मैल, रस्त्यानं वळसा घालून नऊ. दर जुलैच्या दुसऱ्या शनिवारी गावच्या जत्रेत हॅरोपची शर्यत असते. दुपारी दोनला मैदानातून सुटायचं, माथ्यावरच्या पंचाला नंबर दाखवायचा आणि आल्या वाटेनं खाली यायचं. पहिल्याला बीअरच्या चार बाटल्या, बाकीच्यांना चर्चच्या बायकांनी केलेला केक. ह्या शर्यतीत वेस्ली सलग अडतीस वर्षं धावला होता. पहिला कधी आला नाही, पण चुकवली एकदाही नाही आणि अर्धवट सोडली एकदाही नाही. न्यूमोनियातून उठून धावला. हिल्डाला माती दिली त्याच्या चौथ्या दिवशी धावला, आणि नंतर केक खाऊन ‘साखर कमी आहे’ असंही म्हणाला.

मी ह्या शर्यतीची चिटणीस. मूळची अकोल्याची, नाव शालन. क्लेमशी लग्न करून इथं आले आणि गावानं शालनची शॅल केली. नंबर वाटायचे, पिशव्या तपासायच्या, उतरून आलेल्यांच्या नावापुढे खूण करायची, ही माझी कामं. वेस्लीला मी दर वर्षी त्याच्या धावेचाच नंबर द्यायची. सव्विसाव्या वर्षी सव्वीस, सत्ताविसाव्या वर्षी सत्तावीस. त्याला ते फार आवडायचं, पण बोलून दाखवेल तर शपथ.

आता नियम सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. आमच्याकडे शर्यत मध्येच सोडण्यात काही लाज नाही. दर वर्षी पाचसहा जण सोडतात. पण सोडणाऱ्यानं रांगत का होईना माझ्या टेबलाशी यायचं आणि नंबर परत करायचा. नाही केला तर तो डोंगरावर कुठंतरी पडलाय असं धरून माणसं शोधायला निघतात. बावीस वर्षांपूर्वी लायनेल क्रॅब्ट्री, आमचा गावचा सुतार, धुक्यात वाट चुकून भलत्याच गावी उतरला आणि वैतागून बसनं घरी जाऊन झोपला. इकडे अठरा माणसं त्याच्या नावानं हाका मारत डोंगर पालथा घालत होती. त्यात क्लेमचा पाय दोन दगडांत अडकला आणि घोटा मोडला. अजून लंगडतो.

लायनेल दुसऱ्या दिवशी रडवेला होऊन आला. ‘धुकं होतं, डोकंच चालेनासं झालं, चुकलो,’ म्हणाला. सभा भरली. बहुतेकांचं मत पडलं, वर्षभर बंदी घालू, पुरे. तेव्हा वेस्ली उठला.

‘वर्षभर? आणि पुढच्या वर्षी आणखी कुणी धुक्याचं नाव सांगेल, त्याच्या पुढच्या वर्षी वाऱ्याचं. शुद्धीवर असून ज्यानं नंबर परत केला नाही, त्यानं ह्या शर्यतीत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. कधीच नाही.’

क्लेम प्लॅस्टर घातलेला पाय खुर्चीवर ठेवून समोर बसला होता. त्याच्याकडे बघून सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. लायनेल तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता, आमच्यातला सगळ्यात चांगला धावणारा. त्यानं टोपी घातली आणि घरी गेला. तेव्हापासून दर वर्षी तो मैदानाच्या फाटकाशी पाण्याचं पिंप घेऊन उभा राहतो आणि ग्लास भरून देतो. सगळे घेतात. वेस्ली त्याच्यासमोरून मान ताठ ठेवून निघून जायचा. बावीस वर्षांत दोघांत एक अक्षर बोलणं नाही.

वेस्लीच्या एकोणचाळिसाव्या धावेची गोष्ट शर्यतीच्या आधीच्या सोमवारी टीव्हीनं सुरू केली. नकाशावर सगळा देश लालभडक रंगवला होता, जणू कुणी कुंकवाचा करंडाच सांडला. ‘सहाराच्या झळा दारात! जिवावरचा शनिवार!’ पेपरवाल्यांनी तर ‘देश उकळणार’ म्हणून पहिलं पान भरून टाकलं. खाली बारीक अक्षरांत आकडा होता, एकतीस. मी चहा पीत होते, तो नाकातून यायचा राहिला.

आणि हे काय पहिल्यांदा होतं? फेब्रुवारीत ‘हिमबॉम्ब’ येणार होता. शाळा बंद झाल्या, दुकानातली पावरोटी संपली, आणि बोटभर बर्फ पडून दुपारी वितळलं. एप्रिलमध्ये शतकातलं सगळ्यात मोठं वादळ येणार होतं. आम्ही बागेतल्या खुर्च्या आत नेऊन ठेवल्या आणि दिवसभर झाडाचं पान हललं नाही. लांडगा आला रे आला ओरडणाऱ्या पोराचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीवाल्यांचं मात्र काही होत नाही. शेळ्या आपल्या जातात.

गुरुवारी पबमध्ये समितीची बैठक झाली. प्रश्न एवढाच, की शर्यत दोनच्या ऐवजी सकाळी नऊला घ्यायची का.

‘कशाला?’ वेस्ली म्हणाला. ‘अडतीस वर्षं दोनला निघतोय. एकतीस डिग्री म्हणजे काय? फाउंड्रीत आम्ही एकतीस झालं की खिडक्या लावून घ्यायचो.’

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, ‘तू एकाहत्तर वर्षांचा आहेस, वेस्ली.’

‘मग? हॅरोप माझ्यापेक्षा म्हातारा आहे, तो कुठं सावलीत जाऊन बसलाय? मला नका विचारू. शॅलला विचारा. ती भट्टीतच जन्मलीये. काय गं पोरी, एकतीस म्हणजे काय तुमच्याकडे?’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘एकतीस? आमच्याकडे त्याला हिवाळा म्हणतात.’

टेबलं बडवली लोकांनी. मला आणखी चेव आला. मी सांगितलं, आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात, म्हणजे ऊन बाधत नाही. वेस्ली म्हणाला, ‘लोणच्याचा चालेल का?’ परत हशा. शर्यत दोनलाच ठरली.

ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही. अकोल्यात मे महिन्यात दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. रिक्षावाले झाडाखाली झोपतात, दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. ज्यांना ऊन माहीत असतं ते उन्हाला वचकून असतात. पळण्याचं तर सोडाच, माझा बाप चालायचासुद्धा भिंतीच्या सावलीनं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी ते बोलले नाही. भट्टीत जन्मलेली शॅल म्हणून मिरवायला मिळत होतं ना!

शनिवारी दुपारी बारालाच टीव्हीची गाडी मैदानात येऊन उभी राहिली. एक तरुण बातमीदार बाई होती आणि एक कॅमेरावाला. आधी त्यांनी गाडीच्या टपावर अंडं फोडलं, उन्हात शिजतं का ते दाखवायला. अंडं काही शिजलं नाही, ओघळून काचेवर आलं. शेवटी क्लेमनं फडकं आणून दिलं. मग ती बाई हॅरोपकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझ्या मागं दिसतोय तो आजचा मृत्यूचा डोंगर.’ तिच्या मागं सहा मेंढ्या निवांत चरत होत्या.

ऊन मात्र होतं. खोटं कशाला बोलू? वारा पडलेला, आकाश पांढरं, आणि घाम वाळता वाळत नव्हता. पिशवी तपासताना लोक कुरकुरत होते, कारण आमच्याकडे उन्हाळा असो की पावसाळा, रेनकोट, शिट्टी, नकाशा आणि होकायंत्र बरोबर घ्यावंच लागतं. नाव दिलेल्यांपैकी एकतीस जणांनी माघार घेतली. गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाई नंबर परत करायला आल्या तेव्हा वेस्ली माझ्या टेबलाशीच उभा होता.

‘छत्री देऊ का बाई?’ तो म्हणाला. ‘घरी जाईपर्यंत वितळाल.’

बिचाऱ्या लाल झाल्या आणि गेल्या. मग त्यानं आपली पिशवी माझ्यापुढे उलटी केली. रेनकोट, शिट्टी, नकाशा, होकायंत्र, आणि त्याच्या बागेतला एक चांगला मोठा कांदा.

‘तपास, पोरी. नियमाप्रमाणे आहे ना?’

‘सोलून आणायचा होतास.’ मी एकोणचाळीस नंबर त्याच्या हातात दिला. ‘वेस्ली, हळू जा हं आज.’

‘जरा उबदार आहे, एवढंच.’ त्यानं नंबर छातीवर लावला, चारी टाचण्या नीट बसल्यात का ते दोनदा चाचपून पाहिलं आणि निघाला. फाटकाशी लायनेलनं सगळ्यांसारखा त्याच्यापुढेही ग्लास धरला. वेस्ली न बघता पुढे गेला.

चौऱ्याऐंशी जण सुटले. पहिला गडी तीनच्या आतच खाली आला, तो जांभळ्या तोंडानं. आल्या आल्या लायनेलच्या पिंपात डोकं घातलं त्यानं. अकरा जणांनी मध्येच सोडली. सगळ्यांनी शहाण्यासारखे येऊन नंबर परत केले. चार वाजले तेव्हा माझ्या कागदावर त्र्याऐंशी खुणा होत्या आणि एकोणचाळीसपुढची जागा रिकामी होती. वायरलेसवर माथ्यावरच्या पंचाला विचारलं. तो म्हणाला, ‘एकोणचाळीस तीन वाजून दहा मिनिटांनी इथून निघाला. पाणी विचारलं तर नको म्हणाला. चेहरा बरा नव्हता.’

माथ्यापासून खाली यायला वेस्लीला पंचवीस मिनिटं लागतात. साडेतीनच्या सुमारास तो यायला हवा होता. मी त्याच्या घरी फोन लावला. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ते बरोबरच होतं, घरी दुसरं होतंच कोण उचलायला!

सव्वाचारला बचाव पथकाला कळवलं. माणसं दोऱ्या, स्ट्रेचर, पाण्याचे डबे घेऊन गोळा झाली. तेवढ्यात लायनेल पिंप सोडून टेबलाशी आला. बावीस वर्षांत तो कधी टेबलाशी आला नव्हता.

‘त्याच्या घरी कुणी बघून आलंय का?’ त्यानं विचारलं.

 मग पथकाचा प्रमुख म्हणाला, ‘लायनेल, सगळ्यांना आपल्यासारखं समजू नकोस. हा वेस्ली आहे.’

लायनेलनं मान हलवली आणि बाजूला झाला. मीही त्याच्याकडे रागानंच पाहिलं, हे कबूल करते. नियम ज्यानं केला तोच घरी जाऊन बसेल, हे आमच्या कुणाच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. दुसरा कुणी असता तर पहिल्यांदा घरी माणूस पाठवला असता.

क्लेम काठी घेऊन उठला. मी म्हटलं, ‘तू कुठं निघालास? अडुसष्ट वर्षांचा आहेस, एक पाय अधू आहे.’

‘मला वाट माहीत आहे.’

‘वाट सगळ्यांना माहीत आहे!’

‘मग एक जण जास्त झाला तर बिघडलं कुठं?’ म्हणाला आणि लंगडत गेला. त्या उन्हात. पाण्याची बाटली घ्यायची विसरला म्हणून मी ओरडले, तेव्हा निदान ती घ्यायला परत आला.

टीव्हीच्या बाईला तर दिवाळीच. अंड्यानं दगा दिला होता, आता खराखुरा माणूस मिळाला. ‘जीवघेण्या उन्हात वृद्ध धावपटू बेपत्ता!’ पाच वाजता देशभर बातमी. जत्रेच्या माहितीपत्रकातला वेस्लीचा फोटो त्यांनी मोठा करून लावला. साडेपाचला हेलिकॉप्टर आलं. त्याच्या आवाजानं मेंढ्या भिऊन खालच्या कुंपणाला येऊन चिकटल्या. मग वायरलेसवर कळलं, की माथ्याच्या पलीकडच्या अंगाला ओढ्याशी एक कांदा सापडला. त्या बाईनं तेही सांगून टाकलं. ‘बेपत्ता वृद्धाची एक वस्तू हाती लागली आहे,’ तिचा आवाज दाटून आला होता. कॅमेऱ्यासमोर एका माणसानं हातमोजे घालून कांदा धरला होता.

मला हसू आलं नाही. कांदा मीच सुचवला होता. दोनची वेळही माझ्याच वाक्यानं ठरली होती. ओढ्यात पालथा पडलेला वेस्ली सारखा माझ्या डोळ्यांपुढे येत होता, आणि त्याच्या मागोमाग क्लेम. मला भीती वाटत होती. खूप वाटत होती. चहा करून देत होते लोकांना, पण कपात साखर किती टाकतेय ते कळत नव्हतं.

लायनेल मैदानात नाही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो आपली गाडी काढून नऊ मैलांचा वळसा घालून पलीकडे गेला होता. तिथं काय झालं ते त्यानं मला पुढे ऑगस्टमध्ये सांगितलं, आमच्या कपाटाचं दार बसवायला आला होता तेव्हा.

दार उघडंच होतं. वेस्ली स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. अंगावर ओला शर्ट, छातीवर नंबर तसाच. समोर टीव्ही चालू, आणि टीव्हीवर त्याच्याच डोंगरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. तेच हेलिकॉप्टर खिडकीतूनही दिसत होतं.

‘फोन ऐकू येत नाही का रे?’ लायनेलनं विचारलं.

‘येतो.’

‘मग उचलला का नाहीस?’

‘उचलून काय सांगू?’

लायनेलनं टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोर बसला. म्हणाला, ‘हे बघ. मी सांगतो, तू मला रस्त्याच्या कडेला गवतात पडलेला सापडलास. ऊन लागलेलं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सगळा देश तेच ऐकायला बसलाय. कोण विचारतंय? पुढच्या वर्षी तुझी चाळिसावी आहे.’

वेस्लीनं बंद टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘तुला त्या वेळी कुणी असं सांगितलं होतं?’

‘नाही.’

‘मग चल.’

सव्वासहाला लायनेलची गाडी मैदानात शिरली आणि तिच्यातून वेस्ली उतरला. धडधाकट, स्वतःच्या पायांवर.  मग टाळ्या सुरू झाल्या, कुणी देवाचं नाव घेतलं, चर्चच्या बायका रडायला लागल्या. वायरलेसवरून निरोप गेला आणि हेलिकॉप्टर वळलं. मला एकाच वेळी त्याला मिठी मारावीशी आणि त्याचा गळा दाबावासा वाटत होता, कारण क्लेम अजून खाली आला नव्हता.

वेस्ली सरळ माझ्या टेबलाकडे आला. टीव्हीच्या बाईनं त्याला मध्येच गाठलं. कॅमेरा त्याच्या तोंडाशी.

‘वेस्ली, तुम्ही जिवंत आहात, केवढा आनंद! उन्हानं तुमची शुद्ध हरपली होती ना? आपण कुठं आहोत तेच कळत नव्हतं, हो ना?’

सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. एक ‘हो’ म्हटलं की सुटला. शुद्धीवर नसलेल्या माणसाला नियम लागू नाही, हे त्याच्याच वाक्यात होतं. मी टेबलावरून पुढे वाकून हळूच म्हणाले, ‘हो म्हण ना रे बाबा.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईकडे.

‘गरम होतं,’ तो म्हणाला. ‘खूप गरम होतं. माझ्यानं झालं नाही.’ थांबला. ‘माथ्यावर अंगावर काटा आला, पाय लटपटले. अक्कल होती म्हणून ओढ्यात जाऊन बसलो. बरं वाटलं. शुद्धीवर होतो, बाई. पूर्ण शुद्धीवर. इकडची वाटही दिसत होती आणि घरचीही. सकाळपासून एवढं बोललो होतो लोकांना, आता हिच्यापुढे येऊन नंबर कसा ठेवू, अशी लाज वाटली. म्हणून घरी गेलो. फोन वाजला, तोही उचलला नाही.’

 त्यानं छातीवरच्या चारी टाचण्या काढल्या. ओल्या कागदाची एक बाजू फाटली. एकोणचाळीस नंबर त्यानं माझ्यापुढे ठेवला आणि तळहातानं सपाट केला.

‘लिही, पोरी.’

‘समिती बसेल, मग बघू,’ मी म्हणाले.

‘समिती बावीस वर्षांपूर्वी बसली होती. लिही.’

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सोडली, आणि कळवलं नाही. लायनेलच्या नावापुढे ह्याच माझ्या हातानं हेच शब्द लिहिले होते.

तेवढ्यात क्लेम फाटकातून आला. काठीवर रेललेला, बिटासारखा लाल, पण दोन्ही पाय शाबूत. वेस्लीला बघून थांबला. वेस्लीला त्याच्याकडे बघवेना.

‘क्लेम,’ तो म्हणाला, आणि टेबलाजवळची खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

‘या खेपेला मोडला नाही,’ क्लेम म्हणाला. ‘केक उरलाय का?’

लायनेल परत आपल्या पिंपापाशी जाऊन उभा होता. त्यानं एक ग्लास भरला, टेबलापर्यंत आणला आणि वेस्लीपुढे धरला. वेस्लीनं तो घेतला. घटाघटा प्यायला, आणखी मागितला आणि तोही प्यायला.

संध्याकाळच्या बातम्यांत आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. वेस्ली पडद्यावर म्हणाला, ‘गरम होतं. खूप गरम होतं. माझ्यानं झालं नाही.’ आणि तिथंच तोडलं. पुढचं एक अक्षर दाखवलं नाही. नंतर एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की उन्हात म्हाताऱ्या माणसांची शुद्ध कशी हरपते. देशभरातून वेस्लीला सहानुभूतीची पत्रं आली. तो ती चुलीत घालायचा.

समितीनं पुढच्या वसंतात पुन्हा विषय काढला. चाळिसावी तेवढी धावू द्यावी, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. लायनेलचंही. त्याच्यावरची बंदीही उठवू, असं निघालं. लायनेल म्हणाला, ‘मी आता सदुसष्टचा, माझे गुडघे गेले.’ वेस्ली नुसता नाही म्हणाला आणि कोट घालून निघून गेला. दुसरा विषय वेळेचा होता. ह्या खेपेला मी सगळ्यांच्या आधी बोलले. अकोल्याची कुत्री सांगितली, दुकानांची अर्धी शटरं सांगितली, बापाचं सावलीनं चालणं सांगितलं. कुणी हसलं नाही. पंचविसाच्या वर आकडा गेला तर शर्यत सकाळी नऊला, असं ठरलं.

आणि त्या जुलैत आकडा होता चौदा. हॅरोपवर धुकं उतरलेलं, वारा बोचरा, धावायला ह्याहून चांगला दिवस नाही. टीव्हीवर हवामानाचा उल्लेखही नव्हता. सकाळी वेस्ली तंबू ठोकायला आला. माझ्या डब्यात नंबरांचे कागद होते. चाळीस मी बाजूला काढून ठेवला होता. तो त्याला दिसला.

‘हा कुणाचा?’

‘कुणाचा नाही.’

‘मग फुकट कशाला घालवतेस? दे कुणाला तरी.’

मी तो बेकरीतल्या ब्रायनीला दिला. तिची पहिलीच शर्यत होती, तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. दोन वाजता सगळे सुटले. फाटकाशी पिंपामागे दोघं उभे होते, लायनेल ग्लास भरत होता आणि वेस्ली पुढे करत होता. त्या गारठ्यात पाणी कोण घेतंय! सगळे नको नको म्हणत पुढे जात होते. वेस्ली हात पुढे करून उभा होता, आणि त्याचे पाय जागच्या जागी हलत होते. ते त्याला कळत नसावं. ब्रायनी सगळ्यांच्या शेवटी आली. त्यानं तिच्या छातीवरचा नंबर वाचला आणि वाटेतच आडवा आला.

‘पी,’ तो म्हणाला.

‘नको हो, गारठलेय मी.’

‘पी म्हणतो ना.’

तिनं हसत एक घोट घेतला, ग्लास त्याच्या हातात परत दिला आणि चढाला लागली. ती धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत वेस्ली तिच्याकडे बघत राहिला. मग उरलेलं पाणी स्वतः प्यायला आणि ग्लास लायनेलकडे दिला.

‘एकूण सत्त्याण्णव गेलेत,’ तो मला म्हणाला. ‘सत्त्याण्णव मोजून घे, पोरी.’